झिरो बिला, आमचे ऊन सोड

झिरो बिला,

दर महिन्याच्या सुरुवातीला तू आमच्या गल्लीत येतोस. विजेचे बिल काढणारा पोरगा गळ्यात मशीन अडकवून दारोदार फिरतो, मान वर करून मीटर बघतो, बटणे दाबतो आणि मशीनच्या तोंडातून तू बाहेर पडतोस, अरुंद आणि लांब. शेजारच्या काकू तुझ्या वरच्या ओळी वाचत नाहीत. युनिट किती, दर किती, वजावट किती, कशाशीच त्यांना घेणे नाही. तळाचा आकडा शून्य आहे एवढे बघून त्या तुला देवाच्या तसबिरीमागे खोचतात. मार्च 2024 पासून तिथे तुझी चळत साचली आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कापसाचा भाव पडला की तेलंगणातल्या या आदिलाबाद जिल्ह्यात घरोघरची चूल मंदावते. अशा घरातून करंट बिलाची धास्ती गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. काकूंच्या घरचा पंखा बंद पडावा म्हणून मी लेखणी उचललेली नाही. तेव्हा गरिबाच्या तोंडचा घास काढायला निघाला म्हणून तुझ्या पाठीराख्यांनी ओरड करू नये.

तरीही आरोपी तूच आहेस. या जिल्ह्याच्या छपरांवर पडणारे ऊन तू अडवून धरले आहेस.

आमचे ऊन तुला नव्याने सांगायला नको. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, जैनथ-बेल्याकडची काळी जमीन भेगाळते, दुपारी बाजारात कुत्रेही फिरत नाही. पंख्याने भागत नाही, कूलर लावावाच लागतो. आणि नेमके तेव्हाच तू साथ सोडतोस. 200 युनिटांची तुझी वेस ओलांडली की त्या महिन्याचे सगळेच बिल भरावे लागते, आणि तेही वरच्या टप्प्याच्या दराने. 214 युनिटे झाली तर नुसत्या विजेचे 1,100 रुपयांच्या वर, इतर आकार निराळे. चौदा युनिटांची ही शिक्षा. ज्या उन्हाने कूलर लावायला भाग पाडले, तेच ऊन त्या क्षणी काकूंच्या स्लॅबवर फुकट ओतले जात असते. स्लॅब तापतो, घर भट्टी होते, आणि त्या भट्टीला गार करायला कोळसा जाळून केलेली वीज कित्येक कोसांवरून तारेने येते. हा व्यवहार वर्षानुवर्षे चालू आहे आणि तुझ्यामुळे तो कोणाला खटकेनासा झाला आहे.

तुझ्या जन्माची तारीख मी विसरलेलो नाही, आणि तिच्या आधीची एक तारीखही. 13 फेब्रुवारी 2024 ला दिल्लीतून 'पीएम सूर्यघर' योजना जाहीर झाली. एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल, त्यासाठी 75,021 कोटी रुपये. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे 30,000 रुपये अनुदान, तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठा संच असेल तर 78,000. दोनच आठवड्यांनी, 27 फेब्रुवारीला, हैदराबादेत मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी तुला जन्म देणारी 'गृहज्योती' सुरू केली: पांढरे रेशनकार्ड असलेल्या घराला महिन्याला 200 युनिटांपर्यंत करंट फुकट. निवडणुकीतल्या सहा हमींपैकी ही एक. त्यानंतर सहाच दिवसांनी, 4 मार्चला, पंतप्रधान खुद्द आमच्या आदिलाबादेत आले. देशभरातल्या 56,000 कोटींच्या प्रकल्पांचा तो सोहळा होता. त्यांत सौर प्रकल्पही होते, पण ते दूर इतर राज्यांतले. तेलंगणाच्या पदरात ऊर्जेचे म्हणून जे पडले ते पेद्दपल्ली जिल्ह्यातल्या एनटीपीसीच्या कोळसा केंद्राचे 800 मेगावॅटचे दुसरे युनिट. त्याच व्यासपीठावरून अंबाडी–आदिलाबाद–पिंपळखुटी या लोहमार्गाचे विद्युतीकरणही देशाला अर्पण झाले. गाडीचा धूर गेला, हे चांगलेच झाले. तो धूर पेद्दपल्लीच्या धुराड्यात जाऊन बसला.

तीन आठवड्यांत तीन घोषणा झाल्या. दिल्ली म्हणाली छतावर सूर्य लावा, हैदराबाद म्हणाले लावायची गरजच नाही, आणि आमच्याच गावात येऊन पुन्हा दिल्लीने कोळशाचे युनिट अर्पण केले. सामान्य माणसाने यातले काय उचलायचे? त्याने तुला उचलले. तू सोपा होतास. तुझ्यासाठी कर्ज काढावे लागत नाही, छतावर चढावे लागत नाही, नेट मीटरसाठी करंट ऑफिसच्या खेपा घालाव्या लागत नाहीत.

काकूंचा मुलगा जरा हिशेबी आहे. त्याने सूर्यघरची माहिती काढली, स्लॅब मोजला आणि कर्जासाठी एका बँकेत गेला. साहेबांनी मागच्या सहा महिन्यांची बिले मागितली. त्याने तुझी सहा भावंडे टेबलावर मांडली. साहेब म्हणाले, बिलच येत नाही तर तुमची बचत ती कसली, आणि बचत नाही तर हप्ता कशातून फेडणार? प्रश्न चुकीचा नव्हता. मुलगा परत आला आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही. उलट आता घरात वेगळीच भीती आहे: उद्या पॅनेल बसवले आणि त्यामुळे झिरो बिल बंद झाले तर? अशा तऱ्हेने ज्या घराला सौर संचाची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच घराच्या दारात तू आडवा झोपला आहेस. पॅनेल कोणाच्या घरावर दिसतात ते बघ. ज्यांचे बिल हजारांत येते त्यांच्या बंगल्यांवर. केंद्राचे अनुदानही मग त्यांच्याच खात्यात जाते. गरिबाला तू मिळालास, श्रीमंताला सूर्य मिळाला.

आता तुझ्या शून्याच्या वरचा हिशेब वाचू. महिन्याला 100 युनिटे जाळणाऱ्या घराचे बिल तेलंगणाच्या दराने असे होते: पहिली 50 युनिटे 1 रुपया 95 पैशांनी, पुढची 50 युनिटे 3 रुपये 10 पैशांनी, मिळून 252 रुपये 50 पैसे. वर्षाचे 3,030. हे पैसे राज्य सरकार वितरण कंपनीला देणे लागते. याच घराला एक किलोवॅटचा संच पुरतो. चांगल्या उन्हात तो दिवसाला चार युनिटांच्या आसपास देतो, म्हणजे महिन्याची शंभराची गरज भागून वर थोडे उरते. सरकारने धरलेली त्याची आधारभूत किंमत 50,000 रुपये. त्यातले 30,000 केंद्र देते. राहिले 20,000. ते राज्याने एकदाच भरले तर साडेसहा-सात वर्षांत तुझ्यावर होणाऱ्या खर्चाइतकेच होतात, आणि पॅनेल पंचवीस वर्षे चालते. 200 युनिटांच्या घराचे गणित आणखी सोपे आहे. तिथे विजेचे महिन्याला 820, वर्षाला 9,840. दोन किलोवॅटच्या संचाची किंमत एक लाख, केंद्राचे 60,000, उरलेले 40,000 साधारण चार वर्षांत वसूल. हे झाले ग्राहकाच्या दराने. वीज घरापर्यंत पोचवायला कंपनीला प्रत्यक्षात त्याहून जास्त खर्च येतो, त्यामुळे राज्याचा फायदा माझ्या आकड्यांपेक्षा मोठाच असेल.

सगळ्याच घरांना स्वतःचे पक्के छत नसते, हे मला ठाऊक आहे. कौलारू घरे आहेत, टिनाची आहेत, भाड्याच्या खोल्या आहेत. त्यांच्यासाठी गावच्या सबस्टेशनजवळच्या पडीक जमिनीवर सामायिक संच उभा करता येतो. रात्री वीज लागते हेही खरे. तेव्हा ग्रिड आहेच, दिलेल्या-घेतलेल्या विजेची वजाबाकी करणारे नेट मीटर त्याचसाठी असते. यातले काहीही अवघड नाही. अवघड आहे ते एकरकमी पैसे आणि ते देण्याची राजकीय हिंमत. दर महिन्याला थोडे थोडे दिले तर दर महिन्याला नेत्याचे नाव घेतले जाते. एकदाच छतावर बसवून दिले की पाच वर्षांनी मतदाराला कशाची आठवण करून द्यायची? तुझी खरी ताकद हीच आहे. तू दर महिन्याला येतोस.

आणि तुझे पैसे येतात कुठून? डिसेंबर 2023 मध्ये याच सरकारने विधानसभेत वीज क्षेत्राची श्वेतपत्रिका मांडली. कर्ज 81,516 कोटी. वितरण कंपन्यांचा साचलेला तोटा 62,461 कोटी. सरकारी खात्यांनीच थकवलेली बिले 28 हजार कोटींच्या वर, त्यातला मोठा भाग उपसा सिंचन योजनांचा. हे सगळे स्वतःच्या तोंडाने सांगून दोन महिन्यांहून थोडे अधिक झाले, तोच सरकारने तुला जन्म दिला. त्याआधी, ऑगस्ट 2022 मध्ये, वीज उत्पादकांची देणी थकली म्हणून 13 राज्यांना वीजबाजारातून खरेदी करायला मनाई झाली होती. त्या यादीत तेलंगणा होते.

इथे एक गोष्ट नीट उलगडून सांगायला हवी, कारण सगळी मेख तिच्यात आहे. सौर विजेचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी होतो. पुढे इंधनाचे पैसे नाहीत, पण सुरुवातीचे भांडवल कर्जाने उभे करावे लागते आणि त्या कर्जाचा व्याजदरच विजेचा दर ठरवतो. कर्ज देणारा एवढेच विचारतो: वीज घेणारी कंपनी वेळेवर पैसे देते का? आमची कंपनी देत नाही. मग व्याज वाढते, दर वाढतो किंवा गुंतवणूकदार राजस्थान-गुजरातची वाट धरतो. कोळशाचे तसे नाही. सिंगरेणी कोळसा कंपनीत 51 टक्के वाटा राज्याचा आहे. घरच्याच दुकानातून माल उधारीवर उचलावा तसा राज्याच्या वीज कंपन्यांनी सिंगरेणीचा कोळसा उचलला आणि हजारो कोटींची बाकी चढवली. कोळसा उधारीत मिळतो. ऊन फुकट आहे, पण ते पकडणारी काच रोखीने घ्यावी लागते. ज्याच्या खिशात रोख नाही, तो महागडी उधारी पुन्हा पुन्हा करतो. गरीब माणूस किराणा दुकानात जे करतो, तेच तेलंगणा सरकार विजेच्या बाबतीत करते.

वर मोठ्या केंद्रांचे ओझे आहेच. नलगोंडा जिल्ह्यातल्या यादाद्री केंद्राची पाच युनिटे, मिळून 4,000 मेगावॅट. 2015 मध्ये पायाभरणी, कर्जाच्या पैशावर बांधकाम, खर्च वाढत गेलेला. अशा केंद्राचा स्थिर आकार वीज घेतली नाही तरी द्यावा लागतो, आणि करार पंचवीस-पंचवीस वर्षांचे असतात. उद्या स्वस्त सौर वीज दारात उभी राहिली तरी त्या केंद्राला भाडे द्यावेच लागेल. मग अधिकारी म्हणतो, भाडे देतोच आहोत तर त्याचीच वीज घेऊ. तो चुकीचे बोलत नाही. चूक करार करताना झाली.

सिंगरेणीचे नाव घेतले की मंचेरियल, बेल्लमपल्ली, मंदामर्रीची माणसे अस्वस्थ होतात. 2016 पर्यंत ती सगळी आमच्याच जिल्ह्यात होती. त्यांचा राग मी समजू शकतो. बेल्लमपल्लीच्या खाणी बंद झाल्यावर ते गाव कसे रिकामे होत गेले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. खाणीतली नोकरी म्हणजे घर, दवाखाना, मुलाला वारसा हक्काची आशा, दसऱ्याला नफ्यातला वाटा. सौर पॅनेल यातले काय देते? हा प्रश्न टाळून स्वच्छ ऊर्जेची भाषणे करणाऱ्यांवर कामगाराने विश्वास का ठेवावा? मंचेरियलजवळ जयपूरला सिंगरेणीनेच आपल्या औष्णिक केंद्राच्या जलाशयावर तरंगते पॅनेल बसवले आहेत, रामगुंडमला एनटीपीसीचे 100 मेगावॅटचे तरंगते सौर केंद्र जुलै 2022 पासून चालू आहे. म्हणजे कोळशाच्या कंपन्यांनाही पुढची दिशा कळते. खाण कामगाराच्या मुलाला त्या दिशेची नोकरी कुठे आहे, एवढेच कोणी सांगत नाही. तुझ्यावर जो पैसा दरमहा विरघळतो, त्यातून त्या नोकरीची प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली असती.

तुझा एक थोरला भाऊ शेतात आहे. 14 मे 2004 ला वाय. एस. राजशेखर रेड्डींनी मुख्यमंत्री होताच पहिली सही शेतीच्या मोफत विजेवर केली. 1 जानेवारी 2018 पासून के. चंद्रशेखर राव यांनी ती चोवीस तास केली. पंपाला मीटर नाही, त्यामुळे किती युनिटे गेली याचा हिशेब अंदाजाने मांडतात. केंद्राने राज्यांच्या जादा कर्जमर्यादेतला राज्य उत्पन्नाचा अर्धा टक्का वीज सुधारणांशी बांधला, तेव्हा शेतात मीटर लावणार नाही म्हणून राज्य अडून बसले. शेतकऱ्याला मीटरची भीती वाटते, कारण मीटरमागून बिल येते हे त्याने पाहिले आहे. पण मोजलेच नाही तर पंप सौर केल्याने किती वाचले, हेही कधी कळणार नाही. मग तेलंगणात केंद्राच्या कुसुम योजनेतला सौर पंप कोणी कशासाठी मागेल?

म्हणूनच मे 2025 मधली एक घटना मला महत्त्वाची वाटते. नागरकर्नूल जिल्ह्यातल्या माचारम गावी 'इंदिरा सौर गिरी जल विकासम' योजना सुरू झाली. वनहक्काची जमीन मिळालेल्या 2 लाख 10 हजार आदिवासी शेतकऱ्यांना सौर पंप, सहा लाख एकर, 12,600 कोटी रुपये. आमच्या उटनूर-इंद्रवेल्लीकडच्या गोंड-कोलाम शेतकऱ्याच्या डोंगरी तुकड्याला पाणी मिळणार असेल तर त्याचे श्रेय मी या सरकारला मोकळेपणाने देतो. पण हेही बघ: तार जिथे पोचली नाही तिथे सूर्य गेला. तार पोचली तिथे तू त्याला शिरू देत नाहीस. मुख्यमंत्र्यांच्या जन्मगावी, कोंडारेड्डीपल्लीत, घराघरावर पॅनेल बसवून दाखवले गेले. तिथे जमते ते बेल्यात का जमू नये?

पैनगंगेच्या पलीकडचे उदाहरण तर अगदी हाताशी आहे. महाराष्ट्रालाही कोळसा सुटलेला नाही. चंद्रपूरचे केंद्र 2,920 मेगावॅटचे आहे आणि त्याची राख चंद्रपूरकरांच्या छातीत बसते. तिकडे बहुतेक शेतीपंपांची वीजही 2024 पासून फुकट आहे. पण घरांसाठी महाराष्ट्राने 2025 मध्ये एक शहाणपणाचा निर्णय घेतला. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॅटच्या संचासाठी केंद्राच्या 30,000 मध्ये राज्याने आपले 17,500 घातले. कुटुंबाच्या वाट्याला फक्त 2,500 आले. पलीकडच्या पांढरकवड्यातल्या मावशीला अडीच हजारांत जे मिळू शकते, ते अलीकडे आमच्या काकूंना तुझ्यामुळे मागावेसेही वाटत नाही.

जुलै 2025 मध्ये केंद्राने जाहीर केले की देशाच्या स्थापित वीज क्षमतेतली निम्मी आता बिगर-जीवाश्म स्रोतांची आहे. 2030 चे वचन पाच वर्षे आधी पुरे झाले. कौतुक आहे. पण प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या विजेतला सर्वांत मोठा वाटा आजही कोळशाचाच आहे, आणि त्यातली काही युनिटे देवाच्या तसबिरीमागे शून्य होऊन खोचलेली आहेत.

झिरो बिला, तू कागद आहेस, तुला लाज नाही आणि दोषही तुझा एकट्याचा नाही. म्हणून शेवटचे चार शब्द तुला छापणाऱ्यांना. गृहज्योतीच्या प्रत्येक घराला निवड द्या. ज्याला झिरो बिल हवे त्याला ते राहू द्या. ज्याला छत आहे आणि इच्छा आहे, त्याच्या पुढच्या सात वर्षांच्या सवलतीचे पैसे आजच एकरकमी द्या, कर्ज सरकारच्या नावावर घ्या, संच वितरण कंपनीकडून बसवून घ्या, आणि लेखी हमी द्या की पॅनेल बसवल्याने कोणाचा फुकट करंट तुटणार नाही. सुरुवात आदिलाबादपासून करा. उन्हात आमचा नंबर खाली लागणार नाही.

आणि जैनथ, बेला, तामसी, तलमडुगूच्या माझ्या मराठी बांधवांनो, पुढच्या ग्रामसभेत हा एक ठराव मांडा. तेलुगूत मांडा, मराठीत मांडा, पण लिहून घ्या आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत घरी आणा. ती तसबिरीमागे खोचू नका, जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नेऊन द्या.